वेलींच्या लोखंडी मांडवाचे पाय बुडाशीच का गंजतात

अंगणातल्या किंवा परसातल्या लोखंडी मांडवाबद्दल किनारपट्टीवर एकच तक्रार पुन्हा पुन्हा ऐकू येते. वरची कमान, आडव्या पट्ट्या आणि जाळी धडधाकट असते, रंगही बऱ्यापैकी टिकलेला असतो. पण दोन-तीन पावसाळे गेले की पाय जमिनीलगत पोकळ होतात आणि एखाद्या वावटळीत मांडव वेलींसकट कलतो. मग वेल्डरला बोलावून बुडाशी पट्ट्या जोडल्या जातात, वरून रंगाचा हात मारला जातो आणि पुढच्या दोन-तीन पावसाळ्यांनी पुन्हा तेच होते. आमच्याकडे हा फेरा दोनदा झाला. घर दापोली तालुक्यात, हर्णैच्या बाजूला, समुद्रापासून अर्ध्या किलोमीटरवर आहे. पाऊस वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पडतो आणि खारी हवा बाराही महिने असते, त्यामुळे येथे लोखंडाचे जे व्हायचे ते लवकर होते आणि स्पष्ट दिसते.

आमचा मांडव २०१४ मध्ये उभा केला होता. चार फूट रुंद, आठ फूट लांब, साडेसात फूट उंच. दीड इंची चौकोनी पाइप, १८ गेजचा, म्हणजे जेमतेम १.२ मिलिमीटर जाडीचा. एका बाजूने मधुमालती आणि दुसऱ्या बाजूने जुई चढवली होती. २०१७ मध्ये पाय बुडाशी सुटू लागले तेव्हा प्रत्येक पायाला फूटभर उंचीच्या पट्ट्या वेल्ड करून घेतल्या आणि वर्षाआड रंग देत राहिलो. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ आले आणि दोन पाय जमिनीलगत मोडून मांडव आडवा झाला. त्या दिवशी आमच्या पट्ट्यात पोफळीच्या बागा झोपल्या, आंब्याची जुनी झाडे मुळांसकट उपटली गेली. त्यामुळे मांडव पडल्याचा दोष वाऱ्यावर टाकणे सोपे होते. मोडलेले तोंड पाहिल्यावर मात्र तसे म्हणवेना. पाइपची जाडी तिथे कागदाएवढी उरली होती आणि गंजाचे पापुद्रे बाहेरच्या अंगापेक्षा आतल्या अंगाला अधिक होते.

उरलेल्या दोन पायांपैकी एकाला आठवड्याभराने जमिनीपासून चार बोटांवर भोक पाडून पाहिले. वीज आलेली नव्हती, म्हणून हाताने फिरवायचे ड्रिल वापरले. पाते आत गेले आणि चहाच्या रंगाचे पाणी बारीक धारेने बाहेर येऊ लागले. खाली तांब्या धरला. धार थांबेपर्यंत पाऊण लिटर पाणी जमा झाले होते आणि तांब्याच्या तळाशी काळपट, बोटाला चिकटणारा गाळ बसला होता. दीड इंची पाइपच्या एका मीटर उंचीत सुमारे सव्वा लिटर पाणी मावते, त्या हिशेबाने त्या पायात जवळजवळ दोन फूट पाणी उभे होते. आम्ही सहा वर्षे ज्या लोखंडाला बाहेरून रंग देत होतो, ते आतून पाण्यात उभे होते.

पाणी आत शिरते कसे, हा प्रश्न यानंतर सहज पडतो, कारण पाइपची वरची तोंडे तर बंद केलेली असतात. तोंडे बंद असूनही पाणी शिरते आणि बंद असल्यामुळेच ते बाहेर पडत नाही. वेल्डिंगच्या टाक्यात सुईच्या टोकाएवढी छिद्रे राहतात. तार ओढण्यासाठी आडव्या पाइपमध्ये स्क्रू मारलेले असतात, त्यांच्या आट्यांतून वाट असते. उन्हाने पाइप तापला की आतली हवा प्रसरण पावून बाहेर जाते आणि अचानक सर आली की पाइप निवतो, आतला दाब उतरतो आणि त्याच छिद्रांतून पाइप वरचे पाणी आत ओढून घेतो. ऊन-पावसाच्या खेळात श्रावणभर हे दिवसातून अनेकदा घडते. रात्री आतल्या भिंतींना धरणारा दव वेगळाच. हे सारे पाणी उताराने पायांत उतरते, आणि पायांचे खालचे टोक काँक्रीटमध्ये गाडलेले असल्याने तिथेच थांबते.

बाहेरच्या अंगाची कहाणी थोडी वेगळी आहे. लोखंड गंजण्यासाठी पाणी आणि प्राणवायू दोन्ही लागतात. मांडवाच्या वरच्या भागात पाऊस थांबला की तासाभरात पाणी वाळते. खोल काँक्रीटमध्ये प्राणवायू पोहोचत नाही आणि काँक्रीटच्या अल्कलीमुळे लोखंडावर एक संरक्षक पापुद्रा टिकून राहतो. या दोहोंच्या मधला, जमिनीलगतचा चार-पाच बोटांचा पट्टा मात्र सतत ओला असतो आणि त्याला हवाही मिळत असते. त्यातून आपण काय करतो, तर त्याच जागी शेणखत टाकतो, पालापाचोळ्याचे आच्छादन करतो आणि रोज संध्याकाळी तांब्याभर पाणी ओततो. जांभ्याची माती आम्लधर्मी असते, काँक्रीट अल्कधर्मी असते; एकाच पाइपचा काही भाग काँक्रीटमध्ये आणि काही भाग मातीत राहिला की दोहोंमध्ये एक छोटी बॅटरीच तयार होते आणि झिजतो तो मातीतला भाग. काँक्रीटसाठी न धुतलेली खाडीची रेती वापरली असेल, तर तिच्यातले मीठ तो संरक्षक पापुद्राही फोडते आणि गाडलेला भागही सुरक्षित राहत नाही.

आपल्या मांडवाला यापैकी कोणता रोग झाला आहे हे ठरवल्याशिवाय दुरुस्तीला हात घालू नये. पाना घेऊन पाय वरून खाली ठोकत यावा. कोरडा, शाबूत पाइप खणखणतो. आत पाणी किंवा गाळ असेल तर आवाज बद्द होतो आणि हा बदल कोणत्या उंचीवर होतो तेही नेमके कळते. बुडाशी स्क्रू-ड्रायव्हरचे टोक जोराने दाबून पाहावे. ते आत गेले तर रंगाखाली लोखंड उरलेले नाही. चौकोनी पाइपच्या सपाट बाजू बाहेर फुगलेल्या दिसल्या, किंवा पायाभोवतीच्या काँक्रीटला चिरा गेल्या असतील, तर गंज आत बराच साचला आहे असे समजावे, कारण गंजाला मूळ लोखंडाच्या कित्येक पट जागा लागते. रंग वरून नीट असून वेल्डिंगच्या सांध्यातून तांबूस ओघळ खाली आले असतील, तर पाणी आत शिरण्याची वाट तीच आहे. शंका राहिलीच तर बुडाशी सहा मिलिमीटरचे भोक पाडावे. त्याने मांडवाचे काहीही बिघडत नाही, उलट अडकलेल्या पाण्याला वाट मिळते.

आता पाइपबद्दल, कारण घोटाळा बहुतेक वेळा तिथे सुरू होतो. बाजारात "गॅल्व्हनाइज्ड" या एकाच नावाखाली दोन अगदी वेगळे माल मिळतात. एक असतो जी. पी. पाइप, म्हणजे आधीच जस्त दिलेल्या पातळ पत्र्यापासून वळवलेला. त्याच्या पत्र्यावर अनेकदा दोन्ही बाजू मिळून चौरस मीटरला १२० ग्रॅम जस्त असते, म्हणजे प्रत्येक बाजूला जेमतेम आठ मायक्रॉन (एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). दुसरा असतो पाण्याच्या नळाचा जी. आय. पाइप, जो तयार झाल्यावर वितळलेल्या जस्तात बुडवून काढलेला असतो आणि ज्यावरचा थर कितीतरी जाड असतो. समुद्रकाठच्या तीव्र हवेत जस्त वर्षाला साधारण चार ते आठ मायक्रॉन झिजते, आणि उघडे पडलेले साधे लोखंड ८० ते २०० मायक्रॉन. यावरून जी. पी. पाइपचे कवच एक-दोन वर्षांत संपते आणि पुढे १.२ मिलिमीटरचा पत्रा आतून-बाहेरून दोन्हीकडून खाल्ला जाऊ लागतो, हा हिशेब कोणालाही मांडता येईल. आमच्या पायांचे तीन वर्षांत जे झाले, त्यात नवल काहीच नव्हते. नळाचा पाइप घेताना बी क्लासचा, निळ्या पट्ट्याचा घ्यावा. दीड इंची पाइपची जाडी त्यात सव्वातीन मिलिमीटरच्या आसपास असते. पिवळ्या पट्ट्याचा ए क्लास हलका असतो, तो पायांसाठी घेऊ नये.

चांगला पाइप आणूनही वेल्डिंग करताना जस्त जळून जाते, ही गोष्ट कारागीर सहसा बोलून दाखवत नाहीत. जस्त ४२० अंशांच्या सुमारास वितळते आणि ९०७ अंशांना उकळते. लोखंड वितळायला १५०० अंशांच्या वर तापमान लागते. म्हणजे सांधा जुळण्याआधीच भोवतालचे जस्त पांढऱ्या धुराच्या रूपाने उडून गेलेले असते. तो धूर छातीत गेला तर संध्याकाळी थंडी वाजून ताप भरतो, म्हणून सांध्याच्या जागचे जस्त आधी ग्राइंडरने काढून टाकावे आणि वेल्डिंग मोकळ्यावर, वारा पाठीमागून येईल अशा बेताने करावे. सांधा निवल्यावर त्यावरची काळी खपली (स्लॅग) झाडून, वायर ब्रशने धातू चकचकीत करून जस्ताचे प्रमाण भरपूर असलेल्या कोल्ड गॅल्व्हनायझिंग रंगाचे दोन हात त्याच दिवशी द्यावेत. चंदेरी रंग म्हणून साधा अॅल्युमिनियम पेंट फासणे म्हणजे केवळ डोळ्यांची समजूत आहे.

दुरुस्तीचा खरा उपाय एकच, आणि तो म्हणजे लोखंड मातीतून बाहेर काढणे. जुना मांडव उभा असेल तर तो मोडण्याची गरज नाही. माघ-फाल्गुनात, हवा कोरडी असताना, वेली कमरेइतक्या छाटून घ्याव्यात. मधुमालती ही छाटणी सहज सोसते. मांडवाला चारही बाजूंनी बांबूचे टेकू द्यावेत आणि एका वेळी एकच पाय हाती घ्यावा. तो जमिनीपासून जिथवर ठोकल्यावर खणखणतो, तिथवर कापून खालचा भाग काढून टाकावा. गंजलेल्या भागावर पट्टी वेल्ड करू नये, कारण पट्टी आणि जुना पाइप यांच्या फटीत पाणी धरून राहते आणि रोग झाकला जाऊन वाढतो. आमच्या पहिल्या दुरुस्तीतली चूक हीच होती.

कापलेल्या पायाच्या जागी दीड फूट लांब, दीड फूट रुंद आणि दोन फूट खोल खड्डा घेऊन काँक्रीट भरावे आणि ते जमिनीच्या वर किमान सहा इंच उचलावे. या चौथऱ्याचा माथा सपाट न ठेवता थापीने चारी बाजूंना उतार द्यावा. ओल्या काँक्रीटमध्येच १२ मिलिमीटरचे चार गॅल्व्हनाइज्ड अँकर बोल्ट, पायाच्या खालच्या टोकाला येणाऱ्या लोखंडी बेस प्लेटच्या भोकांशी जुळणाऱ्या लाकडी साच्यात धरून, सोडावेत. सात दिवस पाणी मारून काँक्रीट पिकल्यावर प्रत्येक बोल्टवर आधी एक नट खाली ठेवावा, त्यावर पायाची आठ मिलिमीटर जाडीची बेस प्लेट बसवावी आणि वरून दुसरा नट आवळावा. खालचे नट कमी-जास्त फिरवून ओळंब्याने पाय सरळ करता येतो, आणि प्लेटखाली इंचभर मोकळी जागाही राहते. ही जागा पाहून गवंड्याला ती सिमेंटने भरून टाकाविशी वाटते. त्याला ती भरू देऊ नये. प्लेटच्या मध्यभागी, पाइपच्या पोकळीच्या बरोबर खाली, वीस मिलिमीटरचे भोक ठेवलेले असते. आत शिरलेले पाणी त्यातून गळून त्या मोकळ्या जागेतून निघून जावे आणि वारा आत खेळावा, यासाठीच सगळा खटाटोप आहे. वरच्या टोकाला झाकण वेल्ड करताना त्याच्या खालच्या बाजूला, पाऊस थेट लागणार नाही असे, सहा मिलिमीटरचे एक छिद्र हवेसाठी ठेवावे.

आम्ही नवे पाय बनवून घेतल्यावर ते बेस प्लेटसकट वितळलेल्या जस्तात बुडवून आणले. अशी भट्टी गावात नसते, पाय टेम्पोने दूरच्या औद्योगिक वसाहतीत पाठवावे लागले आणि खर्च अंदाजापेक्षा वाढला. तरी या एका खर्चाबद्दल मला कधी वाईट वाटले नाही. वेल्डिंग, कापलेल्या कडा आणि पाइपची आतली बाजू या तिन्ही ठिकाणी जस्त पोहोचते ते याच पद्धतीने. सव्वातीन मिलिमीटर जाडीच्या लोखंडावर हा थर साधारण ७० मायक्रॉन बसतो. मात्र भट्टीत जाणाऱ्या पाइपची दोन्ही टोके उघडी हवीत. बंद पाइपमध्ये ओल राहिली असेल, तर ४५० अंशांच्या जस्तात तिची वाफ होऊन पाइप फुटतो. खाली पाणी गळण्यासाठी आणि वर हवेसाठी ठेवलेली भोके इथे आयतीच उपयोगी पडतात. वरची कमान पायांना वेल्ड न करता बोल्टने जोडली, म्हणजे पुढे एखादा भाग बदलायचा झाला तर जस्त जाळावे लागणार नाही.

चौथऱ्याचे माप एवढे मोठे कशाला, असे अनेकांना वाटते. दर चौरस मीटरवरचा वाऱ्याचा दाब न्यूटनमध्ये काढण्याचा सोपा हिशेब असा आहे की वाऱ्याच्या सेकंदाला मीटरमधील वेगाचा वर्ग करून त्याला ०.६ ने गुणावे. ताशी ७२ किलोमीटर म्हणजे सेकंदाला २० मीटर वेगाचा वारा दर चौरस मीटरला २४० न्यूटन, म्हणजे सुमारे साडेचोवीस किलो रेटा देतो. चार फूट बाय सात फूट बाजू वेलीने गच्च भरली असेल तर तिच्यावर चौसष्ट किलोंचा रेटा येतो. वेग दुप्पट झाला की रेटा चौपट होतो. भारतीय मानक ८७५ च्या तिसऱ्या भागात मुंबईसाठी वाऱ्याचा मूळ वेग ४४ आणि पुण्यासाठी ३९ मीटर प्रति सेकंद धरला आहे, यावरून किती ताण गृहीत धरावा लागतो याची कल्पना यावी. आमच्या जुन्या मांडवाच्या प्रत्येक पायाखाली एक घनफूट काँक्रीट होते, म्हणजे सत्तर किलोंच्या आतच. नव्या चौथऱ्याचा केवळ जमिनीखालचा भाग तीनशे किलोंचा आहे. त्याबरोबर वैशाखाच्या अखेरीस, आगोटीच्या कामांत, वेलीचा वरचा भार निम्म्याने उतरवून घेतो. मे २०२१ मध्ये तौक्ते वादळ किनाऱ्याला समांतर वर सरकले तेव्हा नवा मांडव चार महिन्यांचा होता. दोन आडव्या तारा सैल झाल्या, पाय हलले नाहीत.

रंगाबद्दल दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. जस्ताच्या पृष्ठभागावर घरगुती ऑइल पेंट थेट लावला तर त्यातले तेल जस्ताशी संयोग पावून साबणासारखा थर तयार होतो आणि वर्षभरात रंगाचे पोपडे निघतात. म्हणून आधी जस्तासाठीचा एच (etch) प्रायमर किंवा इपॉक्सी प्रायमर लावावा. आणि रंगापूर्वी पाइप गोड्या पाण्याने घासून धुवावा, कारण खाऱ्या हवेचे मीठ डोळ्यांना न दिसता पृष्ठभागावर बसलेले असते आणि रंगाखाली अडकले की ओल खेचत राहते. हिवाळ्यात सकाळी दव असते, उन्हाळ्यात दुपारी पाइप इतका तापतो की रंगाला फोड येतात. फाल्गुनात सकाळी दहानंतरचे दोन-तीन तास मला सर्वांत सोयीचे वाटतात.

एक कारण असे आहे की जे कोकणातल्या बागायतदाराच्या सहसा लक्षात येत नाही. पोफळीवर आणि मिरीच्या वेलांवर पावसाळ्यात मोरचूद आणि चुन्याचे बोर्डो मिश्रण फवारतात आणि उरलेला पंप जाता जाता अंगणातल्या वेलींवर रिकामा केला जातो. मिश्रण बिघडले आहे का, हे पाहण्यासाठी आपण त्यात विळ्याचे पाते बुडवतो. पात्यावर तांबूस थर चढला तर आणखी चुना घालतो. तो थर मोरचुदातल्या तांब्याचा असतो आणि तांबे बसताना लोखंड विरघळत असते. जस्तावर ही क्रिया अधिक जोरात होते. फवारणी करायचीच असेल तर मांडवाचे पाय आणि सांधे नंतर स्वच्छ पाण्याने धुवावेत, आणि वेली बांधण्यासाठी जुन्या मोटारीच्या वाइंडिंगची तांब्याची तार कधीही वापरू नये. काथ्याची सुतळी उत्तम. ती दोन वर्षांत कुजते, पण तोवर वेलीने आपली पकड घेतलेली असते. गुळगुळीत जस्तावरून जुईचे कोवळे शेंडे घसरतात, त्यांच्यासाठी पायांना काथ्याचे सैल वेढे दिले की पुरते. मात्र हे वेढे बेस प्लेटपासून फूटभर वर थांबवावेत, नाहीतर ओला काथ्या बुडाशी पुन्हा तीच ओल धरून ठेवतो. वेलीचे आळेही चौथऱ्यापासून दीड-दोन फूट दूर करावे आणि खत-पाणी तिथेच द्यावे.

मांडवाला आता वर्षातून दोनदा हात लावावा लागतो. दिवाळीनंतर पाय धुऊन ठोकून पाहतो आणि रोहिणी लागण्याआधी भोके तपासतो, कारण कुंभारीण माशीला झाकणाखालचे ते सहा मिलिमीटरचे छिद्र फार आवडते आणि ती आठ-दहा दिवसांत त्यात ओल्या मातीची गच्च डबी बांधून टाकते. सायकलची एक जुनी आरी त्यासाठी मांडवालाच अडकवून ठेवली आहे. ती वरच्या छिद्रातून एकदा आणि प्लेटच्या भोकातून एकदा फिरवली की काम होते.